महाराष्ट्रातील सागरी मत्स्यव्यवसाय : यांत्रिकीकरण, कायदा आणि मर्यादेचा प्रश्न

प्रस्तावना

मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. नांदेड किंवा लातूरच्या बाजारात येणारा मासा बहुधा गोदावरी-मांजरा खोऱ्यातील जलाशयांचा किंवा शेततळ्यांचा असतो. समुद्राचा बोंबील व जवळा येथे पोहोचतो तो सुकवलेल्या रूपात. तरीही सागरी मत्स्यव्यवसायाच्या इतिहासाचा अभ्यास या प्रदेशातील वाचकालाही महत्त्वाचा आहे. समुद्रातील मासा ही कोणाच्याही मालकीची नसलेली आणि सर्वांच्या उपयोगाची संपत्ती आहे. अशा संपत्तीचे काय होते, हा प्रश्न भूजलाच्या रूपाने मराठवाड्याच्याही दाराशी उभा आहे.

महाराष्ट्राचा किनारा पालघर जिल्ह्यातील झाईपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीपर्यंत पसरलेला असून शासकीय नोंदींत त्याची लांबी दीर्घकाळ ७२० किलोमीटर अशी दिली गेली. या किनाऱ्यावरील मत्स्यव्यवसायाचा इतिहास सामान्यतः उत्पादनवाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. शिडाची होडी, सुताचे जाळे आणि पावसाळी वारा यांनी मासेमारीवर काही नैसर्गिक मर्यादा घातल्या होत्या. यांत्रिकीकरणाने या मर्यादा दोन-तीन दशकांत दूर केल्या. परंतु त्यांच्या जागी माणसाने घालून घ्यावयाच्या मर्यादा फार उशिरा आणि अपुऱ्या आल्या. आजच्या मत्स्यदुष्काळाचे मूळ या कालांतरात आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

यंत्रपूर्व काळातील मासेमारी

उत्तर कोकणातील सोनकोळी, मांगेला व वैती, रत्नागिरीतील खारवी, भंडारी व दालदी आणि सिंधुदुर्गातील गाबीत हे किनाऱ्यावरील प्रमुख मच्छीमार समाज होत. प्रदेशानुसार त्यांची साधने भिन्न होती. उत्तरेकडे भरती-ओहोटीचा वेग मोठा असल्याने समुद्रतळाशी खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे ‘डोल’ जाळे बांधण्याची पद्धत विकसित झाली. बोंबील, जवळा व कोळंबी हे तिचे मुख्य उत्पन्न. दक्षिणेकडे वाळूच्या सलग किनाऱ्यांवर ‘रापण’ चाले. पाण्यात दूरवर सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी अनेकजण मिळून किनाऱ्याकडे ओढीत. त्यात बांगडा व तारली हे थव्याने फिरणारे मासे मिळत आणि मिळालेल्या मासळीचे ठरल्याप्रमाणे वाटे होत.

या पद्धतींत काही मर्यादा अंगभूत होत्या. डोल प्रवाहावर चालत असल्याने उधाणाच्या दिवसांत भरपूर काम असे, भांगाच्या दिवसांत जाळे जवळजवळ निरुपयोगी ठरे. खुंटांच्या जागा गावागावांत व कुटुंबांत वाटलेल्या असत. दुसऱ्याच्या जागेत जाळे लावणे हा वादाचा विषय होई आणि त्याचा निवाडा समाजाची पंचायत करी. ज्येष्ठ-आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होई. अनेक जातींच्या माशांचा प्रजननकाळ पावसाळ्याच्या आसपास येतो. त्यामुळे वाऱ्याच्या भीतीने पाळलेली ही विश्रांती माशांच्या दृष्टीनेही उपकारक ठरे.

याचा अर्थ पूर्वीचा मच्छीमार पर्यावरणरक्षक होता आणि नंतरचा लोभी झाला, असा नव्हे. तो कमी पकडी, कारण त्याच्या साधनांची पोहोच कमी होती. गरिबी, व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल आणि तिच्यापोटी त्यालाच मासळी घालण्याचे बंधन ही त्याच जीवनाची दुसरी बाजू होती. म्हणूनच यंत्र आले तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि ते स्वाभाविक होते.

वसाहतकालीन शासनाची दृष्टी

ब्रिटिश प्रशासनाने मत्स्यव्यवसायाकडे प्रथम नोंदीच्या आणि नंतर उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिले. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात भारतातील मासे व मासेमारी यांची विस्तृत पाहणी केली. मिठावरील करामुळे मासे खारवण्याचा खर्च वाढत असे. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी सवलतीच्या मिठाची आवारे उघडण्यात आली. १८९७ चा भारतीय मत्स्यपालन कायदा हा या विषयावरील पहिला महत्त्वाचा कायदा होय. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी घातली. परंतु किती मासेमारी व्हावी, हा प्रश्न त्या कायद्यासमोर नव्हता; किती वाढवता येईल, हाच प्रश्न होता. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेवरच्या ट्रॉलरने मुंबईच्या समुद्रात प्रायोगिक मासेमारी केली, तीही याच हेतूने. प्रयोग किफायतशीर ठरला नाही. मात्र तळ खरवडून मासे पकडण्याचे तंत्र या समुद्रात प्रथम आले ते या निमित्ताने.

याच काळात मुंबई शहर मासळीची मोठी बाजारपेठ बनले. १८७५ मध्ये बांधला गेलेला ससून डॉक पुढे मासळी उतरवण्याचे प्रमुख केंद्र झाला. विक्रीची सूत्रे कोळी स्त्रियांच्या हाती राहिली. समुद्रावर पुरुष आणि बाजारात स्त्री अशा श्रमविभागणीमुळे घरातील पैशाच्या व्यवहारावर स्त्रीचे नियंत्रण असे, ही बाब पुढील बदल समजून घेताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

यांत्रिकीकरणाचे पर्व

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई आणि प्रथिनांची गरज या पार्श्वभूमीवर मत्स्यव्यवसायाला नियोजनात स्थान मिळाले. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. १९५२ च्या करारातून केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक होडी हे देशभर प्रगतीचे प्रतीक ठरले. मुंबई राज्यात व १९६० नंतर महाराष्ट्रात हे धोरण सहकारी संस्थांमार्फत राबवले गेले. होडीला इंजिन बसवण्यासाठी कर्ज व अनुदान, नायलॉनचे जाळे, बर्फाचे कारखाने, शीतगृहे आणि बंदरातील धक्के अशी साखळी उभी राहिली. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाल्याने प्रशिक्षित मनुष्यबळाची सोय झाली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडूनही पुढे नौकांसाठी अर्थसाहाय्य मिळू लागले.

या प्रत्येक सुधारणेने एकेक नैसर्गिक मर्यादा दूर केली. इंजिनामुळे वाऱ्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. नायलॉनचे जाळे कुजत नसल्याने ते वाळवण्यात जाणारे दिवस वाचले. बर्फामुळे नौका अनेक दिवस समुद्रात राहू शकली आणि मासळी सुकवण्याऐवजी ताजी विकता येऊ लागली. निर्यातीमुळे कोळंबीला परदेशी बाजारपेठ व चढा भाव मिळाला; १९७२ मध्ये सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. कोळंबी समुद्रतळाशी राहते. तिच्या मागे ट्रॉल जाळे आले आणि त्या जाळ्याबरोबर किलोभर कोळंबीमागे कितीतरी लहान, अपरिपक्व मासे वर येऊ लागले. त्यांतील बराच भाग खत किंवा मत्स्यचूर्ण म्हणून कवडीमोलाने जाऊ लागला.

सामाजिक रचनाही बदलली. वाट्याच्या जागी काही ठिकाणी पगार आला. तांडेल आणि खलाशी हे नाते एका गावापुरते न राहता बाहेरच्या राज्यांतील व नेपाळमधील मजूर कोकणातील नौकांवर काम करू लागले. नौकेचा मालक समुद्रावर जात असेलच असे राहिले नाही. मोठ्या बंदरांत लिलाव होऊ लागल्याने गावातील स्त्रीच्या टोपलीत येणारी मासळी घटली. व्यवसायाचे भांडवल वाढत असताना त्यावर पोटासाठी अवलंबून असलेल्यांचे नियंत्रण कमी होत गेले.

सामाईक संपत्तीचे अर्थशास्त्र

या टप्प्यावर अर्थशास्त्रीय विवेचनाचा आधार घेणे उपयुक्त ठरते. १९५४ मध्ये एच. स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने मत्स्यव्यवसायाचे जे विश्लेषण केले, त्याचा सारांश पुढीलप्रमाणे सांगता येईल. शेताचा मालक उत्पन्न घटू लागताच जादा मजूर लावणे थांबवतो, कारण नुकसान त्याचेच असते. समुद्राला असा मालक नाही. नव्या नौकेमुळे इतरांच्या वाट्याची मासळी कमी होते, पण तो तोटा नव्या नौकेच्या हिशेबात येत नाही. एकूण उत्पन्न एकूण खर्चाइतके होऊन नफा संपेपर्यंत नौका वाढतच राहतात. त्याच वर्षी एम. बी. शेफर यांनी माशांच्या वाढीचे गणित मांडले. साठ्याला धक्का न लावता दरवर्षी काढता येईल अशा कमाल शाश्वत उत्पादनाची कल्पना त्यातून दृढ झाली.

महाराष्ट्रातील धोरणाला हे विवेचन दोन प्रकारे लागू पडते. पहिले म्हणजे, नौकेच्या खरेदीवरील अनुदान आणि डिझेलवरील विक्रीकराचा परतावा यांमुळे मासेमारीचा खर्च कृत्रिमरीत्या कमी राहिला. नफा संपण्याचा बिंदू त्यामुळे पुढे ढकलला गेला आणि मासा संपत आला तरी नौका चालू ठेवणे परवडू लागले. दुसरे म्हणजे, मासळी दुर्मीळ झाली की तिचा भाव वाढतो. पापलेट घटले तरी पापलेटापासून मिळणारा पैसा काही काळ तसाच राहतो किंवा वाढतोही. त्यामुळे उत्पादनाचे मूल्य मोजणाऱ्या अहवालांतून साठ्याची अवस्था कळत नाही.

संघर्ष आणि १९८१ चा कायदा

यांत्रिक नौका व पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्ष १९७० च्या दशकात उघड झाला. गोव्यात रापणकारांनी ट्रॉलर व पर्ससीन नौकांविरुद्ध आंदोलन उभारले. मातानी साल्ढाणा हे त्याचे प्रमुख नेते होते. याच दशकाच्या अखेरीस मच्छीमारांची राष्ट्रीय पातळीवरील संघटना आकाराला आली. १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित झाले. राज्यघटनेनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. मात्र प्रादेशिक समुद्राबाहेरील, म्हणजे १२ सागरी मैलांपलीकडील, मासेमारी संघसूचीत येते. केंद्राने आदर्श विधेयक तयार करून राज्यांकडे पाठवले. केरळ व गोवा यांनी १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला.

या कायद्याचे महत्त्व त्याच्या हेतूंत आहे. पारंपरिक साधने वापरणाऱ्यांच्या हिताचे रक्षण, माशांचे संवर्धन आणि समुद्रावरील शांतता हे तीन हेतू त्याने स्वीकारले. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या काळात, कोणत्या जाळ्याने आणि किती नौकांनी मासेमारी करावी हे ठरवण्याचा अधिकार शासनाला मिळाला. किनाऱ्यापासून ठरावीक वाव खोलीपर्यंत ट्रॉलरना बंदी करण्यात आली. ‘किती नौकांनी’ या शब्दांत गॉर्डन यांच्या प्रश्नाचे उत्तर दडले होते. परंतु अंमलबजावणीत सर्वाधिक दुर्लक्ष झाले ते याच तरतुदीकडे. एकीकडे नियमनाचा कायदा आणि दुसरीकडे नव्या नौकांना अर्थसाहाय्य, अशी दोन परस्परविरोधी धोरणे एकाच वेळी चालू राहिली. कारवाईचे अधिकार महसूल खात्यातील तहसीलदाराकडे, गस्तीची साधने तुटपुंजी आणि दंड मासळीच्या किमतीच्या मानाने किरकोळ, यामुळे नियम मोडणे हाच फायद्याचा व्यवहार ठरला.

१९९१ नंतर उदारीकरणाच्या धोरणात परदेशी भागीदारीतील मोठ्या नौकांना खोल समुद्रात परवाने देण्यात आले. त्याविरुद्ध १९९४ मध्ये देशभर बंद पाळला गेला. या वेळी पारंपरिक मच्छीमार व यांत्रिक नौकांचे मालक एकत्र आले, हे विशेष होय. १९९५ मध्ये नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि पुढे हे धोरण मागे घेण्यात आले. परदेशी नौकेचा धोका टळला. देशी नौकांच्या संख्येचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा संपुष्टात येऊन १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली, ते उदाहरण त्या वेळी ताजे होते. तेथील सरकारनेही परदेशी नौकांना दूर ठेवून देशी ताफा वाढवला होता, हे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे.

अलीकडील निर्बंध आणि घटते उत्पादन

एकविसाव्या शतकात रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या समुद्रात पर्ससीन नौकांचा प्रश्न तीव्र झाला. थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालून तळाची दोरी आवळली की संपूर्ण थवा एकदम हाती येतो; रापणीचा बांगडा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. राज्याच्या जलधी क्षेत्रात ती सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित झाली आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरले. नौकांच्या संख्येवर स्पष्ट मर्यादा घालणारा हा महत्त्वाचा निर्णय होता. कायदा झाल्यापासून येथवर येण्यास सुमारे ३५ वर्षे लागली.

१० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आहे. नारळी पौर्णिमेने जे काम श्रद्धेने व वाऱ्याच्या धाकाने केले, तेच आता अधिसूचनेने करावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम लाखांत गेली आणि कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवण्यात आले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली.

या उपायांची निकड आकडेवारीतून दिसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रातील सागरी मत्स्योत्पादन २०१८ मध्ये २.९५ लाख टन होते. २०१९ मध्ये ते २.०१ लाख टनांवर आले. गेल्या ४५ वर्षांतील हे नीचांकी उत्पादन असल्याचे संस्थेने नमूद केले. त्या वर्षी ‘क्यार’ व ‘महा’ या चक्रीवादळांमुळे मासेमारीचे बरेच दिवस वाया गेले, त्यामुळे संपूर्ण घट अतिमासेमारीच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. बांगडा व तारली यांच्या साठ्यात निसर्गतःही मोठे चढउतार होतात. तथापि त्याच वर्षी देशाचे एकूण उत्पादन किंचित वाढून ३५.६ लाख टन झाले होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. साठा आधीच क्षीण असला की एका वादळाचा फटकाही मोठा बसतो.

निर्बंधांतील उणीवही स्पष्ट आहे. १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा नियम आणि बाहेर केंद्राचा, पण मासा व नौका दोन्ही ही रेषा ओलांडतात. बाहेर पकडल्याचे सांगून आत पकडलेली मासळी त्याच बंदरात उतरू शकते. शिवाय आपल्या समुद्रात एका जाळ्यात अनेक जातींचे मासे येतात. त्यामुळे युरोपातील देशांप्रमाणे एकेका जातीचा वार्षिक कोटा ठरवणे येथे अवघड आहे. नौकांची संख्या, जाळ्याच्या आसाचा आकार, बंदीचा काळ आणि विक्रीच्या ठिकाणी आकारमानाची तपासणी याच मार्गांवर भर द्यावा लागतो.

मराठवाड्याच्या संदर्भात

लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रापासून इतक्या दूर या शास्त्राचे शिक्षण दिले जाते, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. जलाशयातील मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. तेथे हद्द निश्चित असते, हक्कदार ठाऊक असतात आणि बीज सोडणाराच मासा काढतो. समुद्रात नेमक्या याच गोष्टींचा अभाव आहे.

परंतु सागरी इतिहासाशी खरे साम्य भूजलात आढळते. मोटेची विहीर पाणी उपसण्यावर मर्यादा घालीत असे. विद्युत पंप व कूपनलिका यांनी ती दूर केली. एकाची कूपनलिका खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते आणि तो तोटा पहिल्याच्या हिशेबात येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्यामागे अवर्षणाबरोबर हेही कारण होते. भूजलाचा राज्य कायदा २००९ चा. तोही यंत्रानंतर कित्येक दशकांनी आला. बोंबील व कूपनलिका यांचे अर्थशास्त्र या अर्थाने एकच आहे.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील सागरी मत्स्यव्यवसायाच्या इतिहासावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, यांत्रिकीकरण ही चूक नव्हती. त्याच्याबरोबर नौकांच्या संख्येची मर्यादा न ठरवणे ही चूक होती. दुसरा, नियमन व अनुदान यांचा परस्परांशी मेळ घातल्याशिवाय कोणताही कायदा परिणामकारक होणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यातून मिळणाऱ्या सवलती नव्या नौकांकडे वळल्या तर जुन्या चुकीची पुनरावृत्ती होईल. त्या मोठ्या आसाच्या जाळ्यांकडे, बर्फ व साठवणुकीकडे आणि बंदीच्या काळात खलाशी व मासे विकणाऱ्या स्त्रियांच्या निर्वाहाकडे वळल्या तर लाभ होईल. तिसरा निष्कर्ष हक्कांविषयी आहे. सामाईक संपत्तीचा विनाश अटळ असतो, हे मत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये अनेक देशांतील उदाहरणांनी खोडून काढले. ज्यांचे पोट त्या संपत्तीवर आहे त्यांना नियम करण्याचा व पाळून घेण्याचा अधिकार असेल, तर ती टिकते. खुंटांच्या जागा ठरवून देणारी कोळीवाड्याची पंचायत हे त्याचेच एक रूप होते. शास्त्रीय माहिती शासनाने पुरवावी, खोल समुद्रावर गस्त शासनाने घालावी आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याचे नियम ठरवताना मच्छीमारांच्या संस्थांना खरा अधिकार द्यावा, अशी विभागणी केल्यास १९८१ च्या कायद्याने स्वीकारलेले तीनही हेतू साध्य होण्याची शक्यता आहे.